उभ्यानं घेतलेलं माप

कृपा फुकट असते हे ऐकायला सगळ्यांनाच गोड लागतं. बाकांवर बसून लोक माना डोलावतात, बायका डोळे टिपतात आणि मग घरी जाऊन पोटभर जेवतात. पण तीच कृपा एके दिवशी आपल्या नालायक जावयाच्या पदरात पडली, की मग बघा मजा. मग लगेच आठवतं की जगात न्याय नावाचीही एक चीज आहे.

गुण्या मिस्त्रीला ती त्या रविवारी भर उपासनेत आठवली.

गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार. मेलं तरी वाकत नाही. मिस्त्री तसाच होता, म्हणून त्याला ते नाव पडलं, आणि खरं नाव त्याला स्वतःलाही जोर लावून आठवावं लागे. दाराची चौकट असो, शेजाऱ्याचं वागणं असो, नाहीतर पाळकबाईंचा उपदेश असो, तो आधी गुण्या लावून बघायचा आणि वाकडं दिसलं की तोंडावर सांगायचा. त्याची बायको हयात होती तेव्हा म्हणायची, "हे स्वर्गाच्या दाराशी गेले ना, की आत जायच्या आधी चौकट तपासतील. आणि तिरपी निघाली तर उलट्या पावली घरी येतील. सुटका नाही माझी."

तर त्या रविवारी पाळकबाईंनी शेवटच्या गीताआधी एक नाव घेतलं. हा माणूस अंथरुणावरूनच प्रभूकडे वळला आहे, म्हणाल्या. आपण केलेलं सगळं त्यानं कबूल केलंय. आजपासून तो आपल्या मंडळीतला. "त्याच्यासाठी प्रार्थना करा. त्याच्याजवळ फार दिवस नाहीत."

मिस्त्री उभा राहिला. उपासना चालू असताना असं मधेच कुणी उभं राहत नसतं. ऑर्गनवाल्या आजींचं बोट पट्टीवरच राहिलं आणि एक सूर उगाचच लांबत गेला.

"बाई, एक विचारू?"

"विचारा, मिस्त्री."

"जन्मभर दारू ढोसायची. बायकोच्या अंगावरचं विकायचं. तिला वाऱ्यावर सोडून दुसरीच्या घरात नांदायचं. मग लिव्हर सडलं, दुसरीनं हाकललं, की पडल्या पडल्या दोन टिपं गाळायची. एवढ्यावर झालं? आला आत?"

"आला," पाळकबाई म्हणाल्या.

"आणि आम्ही? आम्ही काय इतकी वर्षं इथं झक मारायला येतो?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. पाळकबाई वयानं मिस्त्रीच्या लेकीएवढ्या होत्या, पण त्या हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत.

"तुम्ही कशाला येता ते तुम्हीच सांगा. मला वाटायचं, त्याला जे हवंय तेच तुम्हालाही हवंय, म्हणून येता."

"त्याला आणि मला एकच?"

"एकच."

मिस्त्री बाकांच्या मधून चालत बाहेर पडला. बूट मुद्दाम वाजवत. आजींनी शेवटी तो सूर सोडला.

आता हा जावई कोण, ते सांगायला पाहिजे. आणि त्याच्याआधी पेट्यांचं सांगायला पाहिजे.

या मंडळीची एक जुनी रीत होती. इथं कुणीही मेलं तरी पेटी एकाच तऱ्हेची. साधं पांढरं चिडाचं लाकूड, वर पॉलिश नाही, पितळेच्या कड्या नाहीत, उचलायला दोरीच्या मुठी. बंगलेवाला असो की झाडूवाला, मातीत जाताना सगळ्यांचा वेष सारखा. आणि पेटी मिस्त्रीच्याच हातची. आधी त्याचा बाप करायचा, मग हा करू लागला. बाजारात तयार मिळतात, पण मंडळीत कुणी तसली आणली नव्हती. बापानं त्याला शिकवलेला पहिला नियम रंध्याचा नव्हता, मापाचा होता. माप घ्यायचं ते झोपलेल्याचं. उभा माणूस खोटं बोलतो. छाती फुगवतो, पोट आत ओढतो, मान ताणतो. आडवा झाला की खरा होतो.

पण मिस्त्रीच्या कारखान्याच्या मागच्या खोलीत, जुन्या चादरीखाली, एक पेटी होती जी या रीतीत बसत नव्हती. सागवानाची. सगळे सांधे एकमेकांत बसवलेले, खिळा एकही नाही. पॉलिश असं की तोंड दिसावं. कड्या पितळेच्या. ती मिस्त्रीची स्वतःची होती. बायको रीतीप्रमाणे चिडाच्या पेटीत गेली, आणि ती गेल्यावर त्यानं हे लाकूड आणलं. कुणी चाचरत विचारलं, "मिस्त्री, अहो रीत?" की म्हणायचा, "सगळ्यांच्या पेट्या मी केल्या. एक माझी मला हवी तशी केली तर आभाळ कोसळतं काय?" पुढं कुणी बोलायचं नाही. बोलणाऱ्याची पेटीही शेवटी याच्याच हातात होती ना.

खरं सांगायचं तर ती पेटी नव्हतीच. तो दाखला होता. वर गेल्यावर पुढ्यात ठेवायला. बघ देवा, हा सांधा बघ. केसभर फट दिसते का सांग. असा जगलो मी.

आणि एक पेटी होती जी त्याला विसरता येत नव्हती. हातभर लांबीची. लेकीचं पहिलं बाळ, मुलगी, महिना भरायच्या आत गेली. त्या पेटीला टेप लावावा लागला नाही. ती उचलायला चार माणसं लागली नाहीत, मुठीही लागल्या नाहीत. मिस्त्रीनं ती छातीशी धरून दफनभूमीपर्यंत एकट्यानं नेली. बाळाचा बाप गुत्त्यात होता. त्याला निरोप गेला होता. तो आला नाही. त्या दिवशीही नाही आणि त्यानंतरच्या आठवड्यातही नाही.

जावयाला लोक मानानं पाहुणे म्हणतात. मिस्त्रीही त्याला त्या दिवसापासून पाहुणा म्हणू लागला, पण थुंकल्यासारखं.

तो हाच. इतक्या वर्षांनी सुजलेलं पोट घेऊन लेकीच्या दारात येऊन पडलेला, आणि आता म्हणे तारण झालेला.

चर्चमधून मिस्त्री तडक लेकीकडे गेला. लेक शाळेचे गणवेश शिवायची. दोन खोल्यांचं घर; खिडकीतलं शिलाई मशीन भिंतीला सरकवून तिथं आता खाट टाकली होती. खाटेकडे न बघता तो सरळ स्वयंपाकघरात गेला.

"पाय पुसा बाबा, आत्ताच फरशी पुसलीय."

"याला घरात घेतलंसच कसं तू?"

"दारात पडला होता. दार लागत नव्हतं."

"ढकलायचा."

"ढकलला की. एकदा चांगला ढकलला. मग चहा टाकायला आत आले, तर हातानं दोन कप काढून ठेवले." तिनं खांदे उडवले. "हाताला काय कळतं."

"माफ केलंस त्याला?"

"रोज सकाळी करते. दुपारपर्यंत टिकतं. मग त्याचं ते कण्हणं ऐकलं की परत डोकं फिरतं, भांडी आपटते. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून." ती भाजी चिरत होती, सुरी थांबली नाही. "तुम्हाला वाटतं एकदा म्हटलं की झालं? ते काय बटण आहे?"

मिस्त्री बाहेरच्या खोलीत आला. खाटेवर जे होतं ते बघून त्याला पहिल्यांदा वाटलं, चुकीच्या माणसाशी भांडायला आलोय. ताडमाड, दांडगा गडी होता हा. लग्नात चौकटीला डोकं आपटलं होतं त्याचं. आता डोळे हळदीसारखे पिवळे, पोट तेवढं वर आलेलं आणि हातपाय काटक्या. लांबी तेवढी शिल्लक राहिली होती. पाय खाटेच्या बाहेर लोंबत होते.

"मामा, बसा."

"मामा म्हणू नकोस."

"बरं. मिस्त्री, बसा."

मिस्त्री बसला नाही. कित्येक वर्षं रंधा मारता मारता त्यानं या माणसाला सुनवायचं ते घासूनपुसून तयार ठेवलं होतं. पण तोंडातून भलतंच निघालं.

"त्या दिवशी का नाही आलास? कारण सांग मला."

"कारण नाही."

"काहीतरी असेलच ना! तब्येत बरी नसेल. कुणी अडवलं असेल. निरोप उशिरा मिळाला असेल..."

बोलता बोलता मिस्त्री थांबला. हा माणूस जन्मभर सबबींवर जगला. तोंडातून खरं निघालं तर जीभ झडेल असा. आणि आज त्याच्याकडे एक सबब नव्हती, उलट मिस्त्रीच त्याला सबबी पुरवायला निघाला होता.

"निरोप वेळेवर मिळाला," पाहुणा म्हणाला. "मी पीत बसलो होतो. ऐकलं, आणि परत प्यायला लागलो. एवढंच आहे. याच्यात अजून काही नाही."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"आणि ती बाई म्हणते देवानं तुला माफ केलं."

"म्हणतात."

"तुला पटतं?"

"नाही ना पटत. म्हणून तर त्यांना परत परत बोलावतो. विचारतो, बाई, तुमची काही चूक तर होत नाही ना? त्या परत तेच सांगतात." तो हसला, तर दात डोळ्यांच्याच रंगाचे दिसले. "त्याच्या बदल्यात काहीतरी मागितलं असतं तर बरं झालं असतं, मिस्त्री. थोडी घासाघीस केली असती. मला घासाघीस जमते. पण काही मागतच नाहीत. तिथंच माणूस अडकतो."

मिस्त्रीची नजर मेली सवयीची. पायाच्या अंगठ्यापासून निघून डोक्यापर्यंत गेली आणि खांद्यांवरून आडवी फिरली.

"घेतलंत माप?" पाहुण्यानं विचारलं.

मिस्त्रीचे कान तापले. "तुझी पेटी माझ्या हातून होणार नाही. जिची केली तिला खांदा द्यायला तू नव्हतास. सांगून ठेवतो."

"नका करू. खरंच नका करू. चादरीत गुंडाळलं तरी चालेल मला."

"चालेल कसं?" लेक आतून ओरडली. "माझ्या चादरी चांगल्या आहेत!"

आणि मिस्त्रीच्या देखत ते दोघं हसले. नवरा-बायको हसतात तसे. मिस्त्री तिथून जो निघाला तो मागं वळून न बघता.

पाहुणा पुढच्या रविवारी सकाळी गेला. मंडळी गात होती तेव्हाच. मिस्त्री काही चर्चमध्ये नव्हता, जायचंच नाही असं त्यानं ठरवलं होतं. तो कारखान्यात सुट्टीच्या दिवशी करवतीला धार लावत बसला होता आणि कुणाशी भांडल्यासारखी कानस घासत होता. दुपारी लेक आली. डोळे कोरडे, केस न विंचरलेले.

"बाबा, गेले ते. उद्या सकाळी नेतील. उन्हाळा आहे, थांबता येणार नाही."

"हं."

"पेटी."

"मी त्यालाच सांगितलंय. तू आतून ऐकलंस ना?"

"ऐकलं. मला वाटलं, जिवंत होते तोवर होता तुमचा राग."

"राग काय भाडेकरू आहे, माणूस गेला की जागा सोडायला?" मिस्त्री म्हणाला. "बाजारातून आण."

"रविवार आहे. आणि आजवर कुणी आणलीय आपल्यात? हेच पहिले का?"

मिस्त्रीनं परत कानस उचलली. लेकीनंही पुढं विनवणी केली नाही. तीही त्याचीच लेक. तिनं बाह्या वर सारल्या, भिंतीला टेकून ठेवलेल्या चिडाच्या फळ्यांमधली एक ओढली, बाकावर टाकली आणि रंधा हातात घेतला. लहानपणी याच कारखान्यात ती रंध्याच्या सालींच्या बांगड्या करून घालायची. पण हत्याराला हात बापानं कधी लावू दिला नव्हता. मुलगी म्हणून नाही. वाकडं करेल म्हणून. त्याला वाटायचं, सगळे वाकडंच करतात.

मिस्त्री उठून बाहेर जाऊन बसला.

रंधा लाकडाच्या रेषेविरुद्ध चालला की लाकूड ओरडतं. ज्याला कळत नाही त्याला तो नुसता आवाज. मिस्त्रीला तो दाढेत कळ यावी तसा लागत होता. एकदा झालं. दोनदा झालं. तो दारात येऊन उभा राहिला.

"उलटा चालवतेयस."

"मग सुलटा तुम्ही चालवा."

"मी नाही म्हटलंय."

"मग गप्प बसा. फुकटचे सल्ले देऊ नका. तुम्हाला फुकटचं आवडत नाही ना?"

मिस्त्री परत बाहेर गेला. थोड्या वेळानं करवतीचा आवाज आला, मग ठोकण्याचा, आणि मग तो फाटण्याचा आवाज, जो कुठल्याही सुताराला झोपेतही ओळखू येतो. रुंद फळी मधोमध चिरली होती. तेवढी रुंद तिथं दुसरी नव्हती. वखार उद्या उघडणार, तीही ऊन चढल्यावर.

लेक सालींच्या ढिगात बसून तळहातात घुसलेली काडी दातांनी काढत होती. रडत नव्हती. काडी निघाली, ती थुंकली, उठली आणि मागच्या खोलीत गेली. तिनं चादर ओढल्याचं मिस्त्रीला आवाजावरून कळलं.

"ती नाही!"

तो पोचला तेव्हा ती पेटीपुढं उभी होती. खिडकीचं ऊन पॉलिशवर पडून भिंतीवर हलत होतं.

"का?"

"ती माझी आहे."

"तुम्ही तर चांगले धडधाकट आहात."

"माझ्या मापाची आहे ती! तो ताडमाड माणूस. त्याचे पाय काय बाहेर ठेवणार आहेस?" आणि हे सुचल्यावर मिस्त्रीला बरं वाटलं. रागाला कारण लागतं, मापाला लागत नाही. "मी नाही म्हणत नाही. माप नाही म्हणतंय."

लेकीनं चादर बाजूला टाकली. मग म्हणाली, "झोपा."

"काय?"

"झोपा तिच्यात. झोपलेल्याचं माप खरं, तुम्हीच सांगता ना सगळ्यांना? तुमच्या मापाची निघाली तर मी परत शब्द काढणार नाही. चादरीत नेईन त्यांना."

मिस्त्रीला खात्री होती. माप म्हणजे त्याचा धर्म. धर्मात चूक होईल, मापात नाही. त्यानं चपला काढल्या, काठ धरून एक पाय आत टाकला, मग दुसरा, गुडघ्यांना शिव्या घालत बसला आणि मग पाठ टेकून आडवा झाला.

वर पत्र्याचं छप्पर दिसत होतं आणि एक कोळी. त्यानं टाचा खाली सरकवल्या. तळ लागला नाही. अजून सरकवल्या. दोन्ही बाजूंना खांद्यांशी एवढी जागा, की त्याच्यासारखा अजून एक अर्धा माणूस आत घ्यावा. भोपळ्यात बी खुळखुळावी तसा तो त्या पेटीत पडला होता.

लेक पायथ्याशी आली. तिनं वाकून त्याच्या पायांखालच्या रिकाम्या जागेत वीत ठेवली, बघितली, आणि हात काढून घेतला.

आणि त्याला आठवलं. कपाटाच्या दाराला पाठ लावून, उभ्यानं. रविवारचे जाड टाचांचे बूट घालून. पेन्सिल डोक्यावर आडवी धरून खूण केली, आणि खुणेच्या वर, "असू दे जरा ऐसपैस," म्हणत अजून लांबी धरली. तेव्हा पाठही ताठ होती. आख्ख्या मंडळीला आडवं पाडून मोजणाऱ्या माणसानं स्वतःला तेवढं उभ्यानं मोजलं होतं. आणि इतकी वर्षं पॉलिश मारताना एकदाही आत झोपून बघितलं नव्हतं. कशाला बघतो! दाखला कुणी अंगावर घालून बघतं का?

तो तसाच पडून राहिला. बायको आठवली. तिच्या चिडाच्या पेटीला त्यानं झाकण बसवलं तेव्हा तिच्याजवळ असलं काही दाखवायला नव्हतं. पण त्याला कळ उठली ती तिच्यामुळं नाही. त्याला ती हातभर पेटी आठवली.

तिनं काय केलं होतं? एक प्रार्थना नाही. एक उपासना नाही. एक चांगलं काम नाही की वाईट नाही. थोडे दिवस दूध प्याली, रडली, आजोबाच्या बोटाला मूठ आवळून धरली आणि गेली. आणि ती प्रभूजवळ आहे याबद्दल या काटकोनी माणसाला आजवर एका श्वासापुरती शंका आली नव्हती. कुणी शंका काढली असती तर पटाशी घेऊन अंगावर गेला असता. मग कुठल्या कमाईवर गेली ती आत? कुणाच्या दाखल्यावर? तिला तर उचलूनच न्यावं लागलं असेल. ज्या दारानं ती गेली त्या दाराला तो इतकी वर्षं गुण्या लावत बसला होता.

त्याला उठावंसं वाटलं. त्यानं काठावर हात टेकले. हात निसटले. आरशासारखं पॉलिश, त्यानंच केलेलं. गुडघ्यांनी साथ दिली नाही. परत प्रयत्न केला, परत आपटला.

"पोरी."

"काय?"

"मला उठता येत नाहीये."

ती वरून बघत होती. मिस्त्रीला वाटलं, आता अट घालेल. तिच्या जागी तो असता तर त्यानं हीच वेळ साधली असती. त्यानं स्वतःच म्हणून टाकलं, "आता म्हण. आधी पेटी देतो म्हणा, मग हात देते, असं म्हण."

"मी काही म्हटलं का?" लेक म्हणाली. "उगाच बोलू नका. हात आणा इकडे."

तिच्या तळहातावर काडीनं कापल्याचं रक्त होतं. तिनं त्याची दोन्ही मनगटं धरली, पाय काठाला लावला आणि गोणी ओढावी तसं त्याला ओढून बाहेर काढलं. दोघंही सालींत बसले, धापा टाकत. तिनं तेव्हाही पेटीचं नाव काढलं नाही. उठली, चादर झटकली आणि घडी घालायला लागली. न्यायलाच घेतली होती तिनं ती. त्याच चादरीत गुंडाळणार होती नवऱ्याला.

मिस्त्रीनं अंगावरच्या साली झटकल्या. मग म्हणाला, "कड्या पितळेच्या आहेत. लाकूड जड आहे. उचलायला माणसं जास्त सांग."

लेकीचे हात थांबले. मग ती रडली. सकाळपासूनचं सगळं रडली.

दुसऱ्या दिवशी दफनभूमीच्या फाटकात कुजबुज झाली ती झालीच. जन्मभर देवाला डोकं टेकवणारे चिडात गेले आणि दारुड्या सागवानात! मंडळीतल्या एका जाणत्यानं मिस्त्रीला बाजूला घेऊन विचारलं, "अहो, रीत मोडलीत. आणि तीही कुणासाठी?"

"मापाला बसली," मिस्त्री म्हणाला. दुसरं काही सांगितलं नाही त्यानं. बसलीही होती; पायाशी फट नाही, खांद्याशी फट नाही. जणू त्याच्यासाठीच केली होती.

पेटी मात्र मरणाची जड. खांदे देणारे मधेच टेकवून दम खात होते. एक जण मागं सरला तेव्हा मिस्त्रीनं त्याच्या जागी खांदा घातला. "जिवंतपणी छळलं, आता मेल्यावर खांदे मोडतोय मेला," तो पुटपुटला. पुढचा मनुष्य हसू दाबताना अडखळला. लेकीनं कबर बाळाच्या कबरीशेजारी मागितली होती. मिस्त्रीनं ते ऐकलं आणि जबडा आवळला, पण नाही म्हटलं नाही.

राग गेला होता का? कसला जातो! सकाळी गेल्यासारखा वाटला होता, आणि खांद्यावर ओझं आलं तसा परत आला. पण आता तो लेकीसारखा त्याची ये-जा बघत होता. जाणार, येणार, परत जाणार.

माती टाकून झाल्यावर पाळकबाई जवळ आल्या.

"रविवारी येणार ना, मिस्त्री?"

"येईन. पण परत मधेच उभा राहिलो तर?"

"राहा की. आजींना सांगून ठेवते, बोट उचलून ठेवा म्हणून."

संध्याकाळी लेक कारखान्यात डबा घेऊन आली तर मिस्त्री बाकावर नव्हता. कालच्या चिरलेल्या फळीचे दोन तुकडे सरसानं जोडून त्यानं शिकंज्यात आवळून ठेवले होते. उलट्या रंध्याचे ओरखडे तसेच होते, घासले नव्हते. आणि तो स्वतः जमिनीवर, सालींमध्ये, उताणा पडलेला.

"बाबा!"

"ओरडू नकोस, जिवंत आहे. तो टेप घे."

"कशाला?"

"माझं माप घे. चिडाची करायचीय. रीतीची."

 लेकीनं डबा ठेवला, टेप घेतला आणि त्याच्या डोक्याशी गुडघे टेकले.

"हलू नका."

"नाही हलत."

"छाती फुगवताय."

"नाही फुगवत."

"फुगवताय, बाबा. श्वास सोडा."

त्यानं सोडला.